बाबांची खाजकुयली आणि एकशेदहाची गोळी

या आठवड्याचं पत्र लालबागहून आलं आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे. मजकूर थोडा आटोपता घेतला आहे.

"नमस्कार मॅडम. आम्ही चाळीत राहतो. माझे बाबा ६९ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. चार वर्षांपूर्वी उजवा हात कापायला लागला आणि पार्किन्सनचं निदान झालं. एकशेदहाच्या तीन गोळ्या रोज चालू होत्या. अडीच महिन्यांपूर्वी गावाहून आत्या आली, तिने खाजकुयलीच्या बियांची पावडर आणली. काकांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला की या गोळ्या पाच वर्षांनी लागू पडत नाहीत, म्हणून त्या पुढच्यासाठी राखून ठेवायच्या. पावडर नैसर्गिक आहे, तिचा काही त्रास नाही. बाबांनी दुपारची गोळी बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे पावडर दुधातून घ्यायला लागले. पहिले तीन आठवडे चमत्कारच वाटला. स्वतः जिना उतरून पेपर आणायला गेले. आता मात्र बसल्या बसल्या मान आणि खांदे वळवळत राहतात, उठलं की चक्कर येते, मळमळतं. गेल्या पंधरा दिवसांत दोनदा रात्री म्हणाले, दारात पोरं उभी आहेत, त्यांना आत घे. आई म्हणते, कुणीतरी केलंय. डॉक्टरांना सांगायची भीती वाटते, ओरडतील. पावडर चांगली की वाईट? बंद करू का? गोळ्या खरंच संपतात का? आणि अजून एक. घराच्या दारात आले की बाबांचे पाय थिजतात. आईला वाटतं मुद्दाम करतात. चिडते, आणि मग मोरीत जाऊन रडते."

ताई, सगळ्यात आधी कामाचं सांगते. उद्या सकाळीच बाबांच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करा आणि या दोन-तीन दिवसांतली वेळ मागून घ्या. रात्री पोरं दिसतात हे फोनवरच सांगा, म्हणजे वेळ लवकर मिळेल. तोवर पावडर वाढवू नका, गोळ्याही मनाने वाढवू नका, आणि घाबरून सगळंच एकदम बंद तर अजिबात करू नका. या आजारात औषध अचानक तुटलं तर अंग लाकडासारखं कडक होणं, ताप चढणं, भान हरपणं असा गंभीर प्रकार होऊ शकतो. तसं काही दिसलं, किंवा गिळता येईनासं झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

आता पावडरीबद्दल. आत्याने आणलं ते थोतांड नाही. ते औषध आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

कोकणातल्या माणसाला खाजकुयली सांगायला नको. शेंगेवरची ती तपकिरी लव अंगाला लागली की माणूस नाचतो. तिच्या आतल्या बियांना आपल्याकडे कवचबीज म्हणतात, आयुर्वेदात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता. या बियांमध्ये लेव्होडोपा नावाचं द्रव्य असतं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी ते बियांतून वेगळं काढून दाखवलं. त्याचा मेंदूच्या आजाराशी काय संबंध, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. वीस वर्षांनी, १९५७ च्या सुमारास, स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, महत्त्व दाखवलं (त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं), १९६० मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत हेच डोपामिन कमी असल्याचं दिसलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी लेव्होडोपा मोठ्या प्रमाणात देऊन जखडलेली माणसं चालती केली. डोपामिन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं.

बाबांच्या एकशेदहाच्या गोळीत काय असतं? १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. म्हणजे आत्याच्या डब्यात आणि केमिस्टच्या पाकिटात मुख्य औषध एकच आहे. काकांना वाटतं तसं इथे ॲलोपथी एका बाजूला आणि निसर्ग दुसऱ्या बाजूला असं काही नाही. बाबांनी गोळी कमी करून तेच औषध दुसऱ्या दाराने आत घेतलं, आणि ते न मोजता.

आता जरा हिशेब करू. चहाचा चमचा भरून पावडर तीन-साडेतीन ग्रॅम तरी होते. बियांमध्ये लेव्होडोपाचं प्रमाण साधारण ४ ते ६ टक्के धरलं, तर दोन चमच्यांत साधारण २५० ते ४०० मिलिग्रॅम. दिवसाचे चार चमचे म्हणजे ५०० ते ८००. वर दोन गोळ्यांचे २००. पूर्वी बाबांच्या पोटात दिवसाला ३०० जात होतं, आता कागदावर ७०० ते १००० जातंय.

अंगी लागतं ते मात्र या आकड्याइतकं सरळ नसतं, आणि कार्बिडोपाची गोष्ट मला म्हणूनच सविस्तर सांगावीशी वाटते. नुसतं लेव्होडोपा पोटात गेलं की बरंचसं वाटेतच, मेंदूबाहेर, खर्ची पडतं. मळमळ होते ती त्यामुळेच. कार्बिडोपा ही वाटेतली गळती थांबवतं. बाबा पावडरही घेतात आणि गोळीही, म्हणजे गोळीतलं थोडंसं कार्बिडोपा पावडरीतल्या लेव्होडोपालाही काही प्रमाणात वाट करून देत असणार. कधी किती? दुधात किती घातलं, चमचा सपाट होता की शिगोशीग, बी कुठल्या झाडाचं, गोळीनंतर किती वेळाने घेतली, या सगळ्यावर ते बदलतं. मान-खांद्यांची ती वळवळ, चक्कर, मळमळ, रात्रीची पोरं, ही सगळी औषध जास्त झाल्याची ओळखीची लक्षणं आहेत. पार्किन्सनच्या रुग्णांना लहान मुलं किंवा प्राणी दिसणं हे तर इतकं नेहमीचं की ओपीडीत आम्ही विचारायचोच, "घरात कुणी पाहुणे दिसतात का?" तेव्हा आईंना सांगा, कुणीही काही केलेलं नाही. डॉक्टर बाबांची लघवी आणि रक्तही तपासायला सांगतील, कारण या वयात लघवीच्या इन्फेक्शननेही माणूस असा भ्रमतो.

कुयलीवर संशोधन झालेलं नाही असंही नाही. आपल्या मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा पार्किन्सनच्या रुग्णांवर अभ्यास करून १९७८ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया'त छापला. १९९५ मध्ये कुयलीपासून केलेल्या चूर्णाचा ६० रुग्णांवर १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, रुग्णांत सुधारणा दिसली. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. २००४ साली लंडनमध्ये फक्त आठ रुग्णांवर, पण नीट आलटून-पालटून तुलना झाली. कुयलीच्या मोठ्या डोसचा असर साधारण ३४ मिनिटांत सुरू झाला, गोळीचा ६८ मिनिटांत. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत तुम्हाला चमत्कार वाटला, त्यात तुमची फसगत झाली नव्हती. मात्र पुढे १४ रुग्णांना काही आठवडे रोज कुयली दिली, तेव्हा सात जणांना ती मध्येच सोडावी लागली. चौघांना पोटाचा त्रास झाला, तिघांची हालचाल उलट खालावत गेली. हा अभ्यास २०१८ मध्ये आला.

शिवाय डब्यात नक्की काय आहे हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत बाजारातली कुयलीची सोळा उत्पादनं तपासली, तर सांगितलेल्या एका मात्रेत कुठे २ मिलिग्रॅम लेव्होडोपा निघालं, कुठे २४१. तिथे सीलबंद बाटल्यांची ही गत, आणि आत्याने कुणाच्या तरी परसातल्या बिया गिरणीतून दळून आणल्यात. त्या दुधात उकडून, साल काढून शुद्ध केल्या होत्या की तशाच दळल्या? आत्याला विचारा, आणि जे कळेल ते डॉक्टरांना सांगा.

आयुर्वेदावर विश्वास आहे म्हणून कुणी अपराधी वाटून घेऊ नये. आयुर्वेदाला कंपवात, म्हणजे अंग थरथरण्याचा हा विकार, शतकानुशतकं माहीत आहे. ते उपचार हवे असतील तर पदवी घेतलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा. तुमच्यापासून वरळीचं पोदार आयुर्वेद महाविद्यालय किती लांब आहे? जाताना न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी हातात असू द्या, आणि वैद्यांची चिठ्ठी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. दोघांना एकमेकांचं ठाऊक असलं पाहिजे. चोरून मात्र नको. दुपारची गोळी उशीखाली आणि पावडर कपाटामागे, असली लपवाछपवी मी फार घरांत पाहिली आहे, आणि तिची किंमत रुग्णच मोजतो.

डॉक्टर ओरडतील याची भीती मला कळते. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, बाहेर रांग उभी असते, त्यात "आम्ही पावडर देतोय" हे तोंडातून निघत नाही. एक करा. डबा पिशवीत घालून न्या, तो चमचाही न्या. टेबलावर ठेवा आणि म्हणा, "डॉक्टर, बाबा हे इतकं घेतात, अडीच महिने झाले." एवढंच. सोबत वहीचं एक पान न्या. चार दिवस लिहून काढा: गोळी किती वाजता, पावडर किती वाजता, जेवण किती वाजता, बाबा कधी मोकळे हलले, कधी आखडले, वळवळ कधी सुरू झाली. अपॉइंटमेंट आधी मिळाली तर दोन दिवसांचंही चालेल. हे पान पाहून डोस बसवणं डॉक्टरांना सोपं जातं. ओरडले तर ओरडू देत, पण तुम्ही बरोबर वागताय.

एक गोष्ट मात्र आजच फॅमिली डॉक्टरांच्या कानावर घाला. मळमळ थांबवायला पटकन दिली जाणारी मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन ही औषधं पार्किन्सनच्या रुग्णाला चालत नाहीत, ती मेंदूतलं डोपामिनचं कामच अडवतात. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं तरी तेच. बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवा.

आता काकांचा व्हिडिओ. "गोळ्या पाच वर्षांत संपतात." मला याचा मनापासून राग येतो, कारण या एका वाक्यापायी किती माणसं उगाच जखडून बसली आहेत. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरतो, वळवळ सुरू होते, हे खरं. पण तो गोळीचा साठा संपल्याचा परिणाम नव्हे. आजार पुढे जातो, डोपामिन साठवून ठेवणाऱ्या पेशी कमी होतात, म्हणून तसं होतं. २०१४ साली घाना आणि इटली इथल्या रुग्णांची तुलना झाली. घानातल्या लोकांना लेव्होडोपा मिळायला उशीर होत होता, इटलीत ते लवकर मिळत होतं. तरी आजार सुरू झाल्यापासून साधारण तेवढ्याच वर्षांनी दोन्हीकडे हे चढउतार दिसले. उशिरा सुरू करून काही शिल्लक राहिलं नाही. २०१९ मध्ये ४४५ रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला. अर्ध्यांना गोळी लगेच सुरू केली, अर्ध्यांना ४० आठवडे थांबवलं. शेवटी आजाराच्या वेगात फरक नव्हता. राखून ठेवलेल्या गोळीने बाबांचे चांगले दिवस मात्र वाया जातात.

गोळी लागू पडत नाही असं घरी वाटतं, तेव्हा बरेचदा कारण ताटात असतं. माझ्या सासऱ्यांना नऊ वर्षं हा आजार होता. सुरुवातीला मी त्यांची दुपारची गोळी वरण-भात आणि ताकासोबतच द्यायची, पोटात काहीतरी असावं म्हणून. साडेतीनपर्यंत ते खुर्चीत तसेच. मला वाटायचं, गोळी निकामी झाली. मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं, "जेवणाआधी अर्धा तास का देत नाही?" डाळ, दूध, अंडं, मासे यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दाराने आत जातात, आणि दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. वेळ बदलली आणि चार दिवसांत ते दोन वाजता गॅलरीत उभे दिसले. बाबा पावडर दुधातून घेतात, तिथेही हाच गोंधळ. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्यासोबत. लोहाची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळी. प्रथिनं बंद करायची नाहीत, माणूस वाळतो. फक्त वेळ सांभाळायची. आणि पोट साफ होतं का ते बघा. बद्धकोष्ठ असलं की गोळीही नीट लागत नाही. इसबगोल, भरपूर पाणी, पपई, पालेभाज्या, हे घरचे उपाय तुम्ही बिनदिक्कत करू शकता.

नैसर्गिक उपायांतला माझ्या मते सगळ्यात मोठा उपाय पावडरीत नाहीच, तो चालण्यात आहे. अँटिऑक्सिडंट म्हणून गाजलेलं ई जीवनसत्त्व ८०० रुग्णांवर तपासलं गेलं, १९९३ मध्ये निकाल आला, फायदा नाही. को-एन्झाइम क्यू१० चा मोठा अभ्यास २०१४ मध्ये, तोही फोल. क्रिएटिन १,७०० हून अधिक रुग्णांना वर्षानुवर्षं देऊन पाहिलं, काही नाही. कुणी या बाटल्या गळ्यात मारायला आलं तर पैसे वाचवा. पण २०१२ साली १९५ रुग्णांना आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची हा चिनी संथ व्यायाम शिकवला, तर त्यांचा तोल सुधारला आणि पडणं कमी झालं. २०१८ मध्ये १२८ रुग्णांचा ट्रेडमिलवरचा अभ्यास आला. ज्यांना अजून गोळ्या सुरू झाल्या नव्हत्या असे सुरुवातीचे रुग्ण होते. आठवड्यातून तीन-चार दिवस दम लागेल इतकं जोरात चालणाऱ्यांची तब्येत सहा महिन्यांत जवळपास स्थिर राहिली, व्यायाम न करणाऱ्यांची घसरली. बाबांना आत्ता लगेच जोर करायला लावू नका, आधी डोस आणि चक्कर ताळ्यावर येऊ दे. उभं राहिल्यावरचं बीपी मोजून घ्या. मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रोजचं चालणं ठरवा. गोळी चढलेली असते ती वेळ धरा.

पाय थिजतात त्याबद्दल आईंना नीट समजवायला हवं, कारण त्या बिचाऱ्या दिवसभर त्यांच्यासोबत असतात. बाबा मुद्दाम करत नाहीत. चालणं हे आपण विचार न करता करतो, आणि विचार न करता हालचाल चालवणारा मेंदूचा भागच या आजारात मंदावतो. दार, उंबरठा, वळण, अरुंद जागा आली की पाय जमिनीला चिकटतात. त्या वेळी मागून ढकलायचं नाही आणि "चला, चला" म्हणायचं नाही, त्याने ते आणखी घट्ट होतात. बाहेरून इशारा मिळाला तर मेंदू दुसऱ्या वाटेने काम करतो. दाराच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या चार-पाच आडव्या रेघा मारा, एक पाऊल टाकता येईल इतक्या अंतरावर. बाबांना प्रत्येक रेघ ओलांडायला सांगा. कुणाला मोजण्याचा ठेका लागतो, कुणाला टाळीचा. तुमच्या बाबांनी आयुष्यभर घंटी वाजवली आहे. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. दारात पाय अडकले की त्यांना थांबू द्या, एक श्वास घेऊ द्या, आणि आईंनी हळूच म्हणावं, "डबल बेल." मी हे कंडक्टर राहिलेल्या आणखी एका आजोबांसोबत करून पाहिलं आहे. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच "टिंग टिंग" म्हणत उंबरठा ओलांडायचे.

आणि बाबांचा चेहरा रागावल्यासारखा दिसतो का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुधा असेल. चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, हसू उमटत नाही. आत मात्र माणूस तोच असतो. आईंना हे कळलं तर निम्मी चिडचिड आपोआप कमी होईल.

आईंना एकट्या सोडू नका. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था २००१ पासून काम करते, रुग्ण आणि घरच्यांसाठी तिचे सपोर्ट ग्रुप ठिकठिकाणी चालतात, तिथे व्यायाम शिकवतात आणि आजाराची माहिती देतात. जवळचा ग्रुप कुठे भरतो ते फोन करून विचारा. पहिल्या वेळी बाबांसोबत आईंना पाठवा, आणि जमलं तर काकांनाही. व्हिडिओत पाहिलेलं त्यांना तिथे विचारू दे. आत्यालाही फोन करा. तिने मायेने आणलं होतं, तिला दोष देऊ नका. फक्त बिया कशा तयार केल्या ते आधी विचारून घ्या आणि वहीच्या त्याच पानावर खाली लिहा.